गस मक्रेचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही

नमस्कार,

लॅरी मॅकमर्ट्रीच्या ‘लोनसम डव्ह’ या कादंबरीवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया वाचली. तिखट आहे, पण पुस्तक शेवटपर्यंत वाचून लिहिलेली आहे, त्यामुळे ‘धन्यवाद, मतभेद असू शकतात’ म्हणून बोळवण करणं बरं दिसणार नाही. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गस मक्रे आणि वुड्रो कॉल हे निवृत्त टेक्सस रेंजर, म्हणजे कोमान्ची या मूळनिवासी जमातीला आणि मेक्सिकनांना त्यांच्याच मुलखातून हुसकावणाऱ्या फौजेतले शिपाई. निवृत्तीनंतरही सीमेपलीकडची गुरं-घोडी चोरून आणतात, वर घोडेचोरांच्या टोळीत सापडला म्हणून स्वतःच्या जुन्या दोस्ताला झाडाला लटकवतात. अशा माणसांवर वाचक चाळीस वर्षं जीव ओवाळून टाकतात हा भाबडेपणा, आणि मी त्याला खतपाणी घातलं. कॉल गसचं प्रेत मोंटानाहून टेक्ससला घेऊन जातो तो भाग तुम्हाला ‘निव्वळ फिल्मी’ वाटला. आणि शेवटी, ‘मराठी वाचकाला या गोऱ्या गुंडांचा एवढा पुळका कशाला?’

तुमच्या बाजूचा सगळ्यात वजनदार साक्षीदार मीच हजर करतो. खुद्द लेखक! लॅरी मॅकमर्ट्री टेक्ससमधल्या आर्चर सिटीजवळच्या गुरंपाळ घराण्यातला. काका-चुलते सगळे घोड्यावर आयुष्य काढलेले. त्याला त्या जगण्यातली धूळ ठाऊक होती. 1981 साली एका निबंधात त्याने टेक्ससच्या लेखकांना चांगलंच झोडपलं होतं, की गुराख्यांच्या आठवणींत किती लोळाल, शहरांकडे बघा जरा. चार वर्षांनी, 1985 मध्ये, त्याचंच हे आठशेहून जास्त पानांचं धूड आलं आणि 1986 चं पुलित्झर पारितोषिक घेऊन गेलं. पुढे एका आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने जे लिहिलं त्याचा आशय असा, की मी गरिबाघरचा ‘नरक’ लिहायला बसलो होतो, हिंसा आणि विश्वासघाताने भरलेला, पण लोकांच्या हाती पडलं ते अमेरिकी पश्चिमेचं ‘गॉन विथ द विंड’, एक रम्य गाथा. म्हणजे तुमची तक्रार तीच त्याची.

मग लेखक आपल्याच पात्रापुढे हरला का? माझ्या मते हो, आणि का हरला हे बघण्यात मजा आहे. मुळात ही कादंबरी नव्हतीच. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन वेन, जेम्स स्टुअर्ट आणि हेन्री फोंडा या तीन हॉलिवूड नटांसाठी लिहिलेली ती पटकथा होती. वेनने नकार दिला आणि सिनेमा बारगळला. तो झाला असता तर दोन-अडीच तासांत घोडे, गोळ्या आणि सूर्यास्त उरकून आपण घरी आलो असतो. कादंबरीत मॅकमर्ट्रीने गसला रिकामा वेळ दिला. हे दोघे टेक्ससहून मोंटानाला गुरांचा कळप हाकत नेतात ही मुख्य गोष्ट, पण तो कळप उत्तरेकडे निघायलाच दोनशेच्या आसपास पानं जातात. तोवर काय चाललेलं असतं? गस पहाटे उठून पाव भाजतो, संध्याकाळी ओसरीत व्हिस्कीचा बुधला घेऊन बसतो, डुकरांशी बोलतो, पाटीवर स्वतःला न कळणारं लॅटिन वचन रंगवतो आणि कॉलला डिवचत राहतो. एवढे दिवस एखाद्याच्या ओसरीवर काढले की त्याचा लळा लागतोच. त्याचे गुन्हे कळायच्या आधी त्याच्या सवयी कळलेल्या असतात. यात वाचक फसतो असं तुम्ही म्हणाल. मी म्हणेन, गावातली, नात्यातली माणसंही आपल्याला याच क्रमाने कळतात.

आता गुन्ह्यांकडे येऊ. सॅन अँटोनियोच्या दारूच्या गुत्त्यातला प्रसंग आठवा. तरुण नोकर या दोन म्हाताऱ्यांना ओळखत नाही, उर्मटपणे बोलतो, आणि गस त्याचं तोंड धरून फळीवर आपटतो, नाकातून रक्त येईपर्यंत. मागे भिंतीवर त्यांचाच रेंजरच्या काळातला फोटो. हा प्रसंग वाचक टाळ्या वाजवत सांगतात, आणि इथे मी पूर्ण तुमच्या बाजूचा आहे: त्या पोराचा अपराध काय, तर जन्माला उशिरा आला. पण याच सॅन अँटोनियोच्या फेरीत गस कॉलला काय ऐकवतो? की आपण आपलं काम जरा जास्तच चोख केलं, या मुलखात मजा आणणारी माणसं आपणच मारून संपवली. कॉलला हे बोलणं मूर्खपणाचं वाटतं. म्हणजे तुम्ही रेंजरांवर ठेवलेला आरोप गसने आधीच स्वतःवर ठेवलेला आहे, आणि तो ठेवूनही तो बदलत नाही. पस्तावून साधू होणारा गस मला अजिबात आवडला नसता.

कर्णाचं उदाहरण घ्या. आपल्याकडे कर्णावर जीव टाकणारे पैशाला पासरी, मीही त्यांतलाच. पण द्रौपदीला तो भर सभेत जे बोलला, ते आठवलं की आम्ही लगेच काळा कोट चढवतो: त्याच्यावर अन्याय झाला होता, संगत वाईट होती, मित्राचं मीठ खाल्लं होतं. गसच्या बाबतीत मला असं वकीलपत्र घ्यावंसं वाटत नाही. जेक स्पूनला, त्या जुन्या दोस्ताला, फाशी देताना तो स्वतःच्या चोऱ्या विसरलेला नाही. जेकही जन्मजात खलनायक नाही, आळशी आणि देखणा माणूस आहे, वाईट लोकांबरोबर निघाला आणि वेळेवर मागे फिरला नाही, इतकंच. शेवटी तो स्वतःच घोड्याला टाच मारतो, मित्रांवर ती पाळी येऊ देत नाही. त्या पानावर कोण बरोबर हे मला आजही ठरवता येत नाही. तुम्ही ‘थंड डोक्याने केलेला खून’ म्हणालात, तेही चालेल.

डीट्सचं मरण मात्र तुम्ही एका वाक्यात उडवलंत, ते खटकलं. डीट्स हा या जथ्यातला काळा वाटाड्या, बहुधा सगळ्यांत शहाणा माणूस. उपासमारीने हैराण झालेली मूळनिवासींची एक टोळी यांचे घोडे पळवते. माग काढत हे पोचतात तेव्हा तिथे म्हातारीकोतारी आणि कच्चीबच्ची आहेत आणि एक घोडा कापून खाणं चाललेलं आहे. पळापळीत एक आंधळं पोर मागे राहतं. डीट्स त्याला उचलतो, त्याच्या माणसांकडे द्यायला. एका तरुणाला वाटतं हा पोर पळवतोय, आणि तो भाला घेऊन धावून येतो. भूक कोणी आणली, तर गोऱ्यांनी. मेला कोण, तर ज्याने सगळ्यांत कमी पाप केलं तो. तुम्हाला जी वसाहतवादाची चिकित्सा या पुस्तकात सापडली नाही, ती भाषणात नाही, इथे आहे.

डीट्सच्या थडग्यावर कॉल स्वतः फळी कोरून लावतो. हे सुचलं बोस इकार्ड या गुलामीत जन्मलेल्या खऱ्या गुराख्यावरून. चार्ल्स गुडनाइट या बड्या गुरंमालकाने त्याच्यासाठी असाच स्मृतिलेख उभारला होता. आणि तुमचा तो ‘फिल्मी’ शवप्रवास? तोही गुडनाइटचाच. त्याचा भागीदार ऑलिव्हर लव्हिंग 1867 मध्ये कोमान्चींच्या हल्ल्यात जखमी झाला, जखम चिघळून न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरला वारला, आणि गुडनाइटने शब्द दिल्याप्रमाणे त्याचं प्रेत टेक्ससमधल्या वेदरफर्डला आणलं. मॅकमर्ट्रीने फक्त अंतर वाढवलं. मुख्य म्हणजे, या निष्ठेची आरती त्याने ओवाळलेली नाही. कॉल शवपेटी घेऊन नेब्रास्कात गसच्या जुन्या प्रेयसीच्या, क्लाराच्या दारी येतो तेव्हा ती त्याची पूजा बांधत नाही, धिंडवडे काढते. पुरुषांची वचनं म्हणजे निघून जायचं निमित्त, तुम्ही दोघांनी एकमेकांचं आणि जवळच्यांचं वाटोळं केलंत, आणि स्वतःच्या पोराला नाव न देणारा माणूस प्रेताला दिलेला शब्द पाळायला निघालाय, असा तिचा एकूण सूर. न्यूटला, म्हणजे त्या पोराला, कॉलने घोडी दिली, बंदूक दिली, आपल्या बापाचं घड्याळ दिलं. ‘मुलगा’ हा शब्द काही ओठांवर आला नाही. तुमची प्रतिक्रिया वाचताना मला राहून राहून वाटत होतं, की हे क्लाराने जास्त कडक शब्दांत, त्याच्या तोंडावर सांगितलंय. तिच्याशी लग्न न झालेल्या गसवर तिचं अखेरपर्यंत प्रेम होतं, हेही जाता जाता.

ब्लू डक या खलनायकाबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे. आठशे पानांत ज्याला सगळ्यांत जास्त भ्यायचं तो अर्धा कोमान्ची, आणि त्याच्या मनात डोकावायला लेखकाला मोजकी पानंही सापडू नयेत, ही मोठी उणीव आहे. जेकसारख्या फुसक्या माणसाला जी माया मिळाली, तिचा चतुर्थांश तरी इकडे यायला हवा होता.

आणि मराठी वाचकाला पुळका कशाला? अहो, रशियन सरदार-जमीनदारांच्या दुःखावर रडायला आपल्याला कधी कोणाची परवानगी लागली नाही. त्यांचे भूदास काही कमी पिळलेले नव्हते.

एक सुचवतो. पुढचा भाग, 1993 चा ‘स्ट्रीट्स ऑफ लॅरेडो’, जरूर वाचा. वाचकांचं हे प्रेम मोडून काढायचंच असा चंग बांधून मॅकमर्ट्री तिथे उतरलाय: न्यूटला पडद्याआड संपवलं, म्हाताऱ्या कॉलचा एक हात आणि एक पाय काढून घेतला, आणि गोष्टीचा सगळा भार लोरेनावर टाकला, जी पहिल्या भागात वेश्या होती आणि आता चक्क शाळामास्तरीण आहे. तुम्हाला ते पुस्तक जास्त प्रामाणिक वाटेल असा माझा अंदाज आहे. मला ते वाचताना गसची ओसरी नसल्याचं सारखं जाणवत राहिलं, आणि त्याबद्दल तुम्ही मला खुशाल भाबडा म्हणा.