‘चाला’ म्हणजे ‘तू आळशी आहेस’ नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर सतत दुखत राहण्याचा आजार, त्यावर गोळ्यांच्या जोडीनं काय करता येईल, या माझ्या लेखावर तुम्ही रागानं लिहिलंत. तुमच्या जावेला हा आजार आहे, तिनं लेख वाचून रंकाळा तलावाला पुरती फेरी मारली आणि दुसऱ्या दिवशी तिला अंथरुणातून उठवेना. तुमचा प्रश्न असा: “जिला केस विंचरायला हात वर नेता येत नाही, तिला चाल म्हणणं म्हणजे तू आळशी आहेस म्हणणंच नाही का? त्यापेक्षा गावाकडच्या वैदूच्या पुडीनं तिला चार दिवसांत आराम पडला, गालही भरलेत. मग पुड्यांना नावं का ठेवता?”

आधी आळसाचं बोलू. हे दुखणं खरं आहे. ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या नॉर्मल येतात, एक्स-रे स्वच्छ असतो, म्हणून घरचे ‘काही झालेलं नाही’ म्हणतात. पण बिघाड सांध्यात नसतोच. मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश वाढवून घेतात. त्यामुळं मनगटावर घट्ट बसलेली बांगडी किंवा ब्लाउजची बाही, जी दुसरीला जाणवतही नाही, ती हिला ठणकते. पूर्वी निदानासाठी अंगावरचे ठरावीक १८ बिंदू दाबून बघत आणि ११ ठिकाणी दुखलं तर आजार धरत. २०१०च्या निकषांत ती दाबादाबी गेली. अंगभर पसरलेल्या दुखण्याबरोबर झोपून उठल्यावरचा थकवा आणि विसरभोळेपणाही मोजला जाऊ लागला. मला स्वतःला हा आजार आहे. ‘नाटक करते’ हे मीही ऐकलंय, आणि ते कुठल्याही बाईला ऐकावं लागू नये असं मला मनापासून वाटतं.

आता चालणं. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलार’ संघटनेनं २०१६ साली शिफारशी सुधारल्या, तेव्हा ‘जोरदार शिफारस’ फक्त व्यायामाला मिळाली, एकाही गोळीला नाही. योग, ताई ची (सावकाश हालचालींचा चिनी व्यायाम), ऊन पाण्यातले व्यायाम, अ‍ॅक्युपंक्चर यांना सौम्य शिफारस आहे. ताई चीची तुलना चालण्यासारख्या एरोबिक व्यायामाशी करणारा २२६ रुग्णांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ताई ची त्या व्यायामाइतकाच किंवा जास्त उपयोगी ठरला. ते शिकवणारं कुणी जवळ नसेल तर सावकाश केलेली सोपी आसनं चालतात, श्वास धरून ताणायचं मात्र नाही.

पण पहिल्याच दिवशी रंकाळ्याची अख्खी फेरी, हा डोस चुकला. या आजारात असंच होतं. एक दिवस अंग हलकं वाटतं, मग बाई चादरी धुते, डबे घासते, पाहुण्यांना रस्सा करून वाढते आणि पुढचे दोन-तीन दिवस आडवी होते. जावेला सांगा, सपाट रस्त्यावर पाच मिनिटं जायचं, बाकावर टेकायचं, पाच मिनिटांत परत. बरं वाटलं तरी तेवढंच, आणि जमेल त्या वाईट दिवशीही त्यातलं निम्मं. दोन आठवडे हे निभलं की एखाददुसरं मिनिट वाढवायचं. पहिले काही दिवस थोडं जास्त दुखेल, हे तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती घाबरून सोडून देईल.

गोळ्या सोडा असं मी कुठंही लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. कमी मात्रेतली अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, प्रीगॅबलिन यांनी काहींना झोप लागते, ठणका उतरतो. त्या मनानं एकदम बंद करायच्या नसतात. मालिशचं म्हणाल तर आपल्या कोल्हापुरात तालमीतल्या तेलमालिशवर सगळ्यांचा जीव, पण युलारनं मालिशची शिफारस केलेली नाही. हलक्या हातानं तेल लावून बरं वाटत असेल तर जरूर लावा. अंगठ्यानं रगडून घेऊ नका.

तुमच्या प्रतिक्रियेतलं ‘गालही भरलेत’ वाचून मात्र मला काळजी वाटली. दुखण्यावरच्या नाव नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आपल्या देशात अनेकदा पुढं आली आहेत. चार दिवसांत आराम, सपाटून भूक, गोल झालेला चेहरा, ही लक्षणं त्याचीही असू शकतात. पुढं साखर आणि रक्तदाब चढतो, हाडं ठिसूळ होतात. शिवाय नुसत्या फायब्रोमायल्जियाला स्टेरॉइडनं सहसा फरक पडत नाही. त्यामुळं पुडीत ते निघालं आणि आराम त्यानंच पडला असेल, तर तिला दुसराच एखादा आजार आहे का हेही तपासावं लागेल.

म्हणून तिला याच आठवड्यात डॉक्टरांकडं न्या, सीपीआर या आपल्या सरकारी रुग्णालयात किंवा तुमच्या विश्वासाच्या फिजिशियनकडं. पुडी कागदासकट बरोबर न्या, किती दिवस घेतेय ते खरं सांगा. साखर, रक्तदाब बघायला सांगा. थायरॉइड आणि डी जीवनसत्त्वाची तपासणी झाली नसेल तर तीही विचारा, कारण त्यांच्या कमतरतेनंही असंच अंग दुखतं. आणि तोवर पुडी तडकाफडकी बंद करू नका. स्टेरॉइड बरेच दिवस पोटात गेलं असेल तर शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, आणि एकदम तोडल्यावर उलट्या, चक्कर, रक्तदाब घसरणं असा जिवावरचा प्रसंग येऊ शकतो. मधेच असं काही झालं तर वाट न बघता तातडीनं दवाखाना गाठा. पुडी कशी आणि किती दिवसांत कमी करायची हे डॉक्टरच ठरवतील. ते काय म्हणाले हे मला इथंच कळवा, मी वाट बघतेय.