बोलणाऱ्या मुलांची यादी

शाळेने पालकांना कळवलं, एक दिवस वर्गात येऊन बसा, मुलं कशी शिकतात ते पाहा. गेलो. तिसरीच्या बाकावर मोठ्या माणसाने बसायचं कसं, हे मात्र कुणी कळवलं नव्हतं. सरळ बसलो तर गुडघे बाकाखाली मावेनात, आडवा बसलो तर येणारं-जाणारं प्रत्येक पोर माझ्या पायाला अडखळून माझ्याकडेच रागाने बघे. चिरंजीव दोन बाकं पुढे होते. हा माणूस आपला कुणी लागतो, असं त्याने दिवसभरात चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

मला जागा मिळाली वर्गाच्या मॉनिटरशेजारी. दोन घट्ट वेण्या, चार पेन्सिली, चारींना टोक. बसल्या बसल्या तिने बाकाच्या मधोमध पट्टी ठेवली आणि म्हणाली, "काका, तुमचं कोपर माझ्याकडे आलंय." मी कोपर मागे घेतलं. ती माझ्याकडे नाही, कोपराकडे बघत होती. ते पुन्हा येणार, अशी तिला खात्रीच होती.

पहिला तास पाढ्यांचा. बाईंनी "सात आठे?" म्हणून माझ्याकडे बोट केलं. मी तोंड उघडेपर्यंत बोट मागच्या बाकावर गेलंसुद्धा, आणि तिथून कुणीतरी छप्पन्न म्हणून मोकळं झालं. मला येत होतं हो! मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात हेच मोजून ठेवलंय. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले, तर मुलं जास्त बोलतात आणि विचार करून बोलतात. मला दोन सेकंद जास्त मिळायला हवे होते. मॉनिटर पुटपुटली, "पाढे घरी म्हणायचे असतात."

मग वजाबाकी. ४०३ वजा १५७. मी आपली लहानपणी शिकलेली केली. तीनातून सात जात नाहीत, हातचा एक घेतला, तेरातून सात गेले, राहिले सहा. पाच आणि हातचा एक, सहा. शून्यातून सहा जात नाहीत, दहातून सहा गेले, राहिले चार. एक आणि हातचा एक, दोन. चारातून दोन गेले, राहिले दोन. २४६. बाईंना तेवढ्यात कुणीतरी बोलावलं, त्या बाहेर गेल्या आणि वर्ग मॉनिटरच्या ताब्यात आला. तिने माझी वही पट्टीपलीकडे ओढली.

"काका, तुम्ही हातचा कोणाकडून घेतला?"

"दशकाकडून."

"दशकाकडे तर शून्य आहे. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडून तुम्ही घेतलं?"

"घेतलं, पण परत दिलं ना. हे बघ, खालच्या पाचाचे सहा केले."

"घेतलं वरच्याकडून आणि परत केलं खालच्याला?"

यावर मला पटकन काही बोलता येईना.

"आम्ही शतकाकडून घेतो," ती म्हणाली. "चाराचे तीन होतात. दशकाला दहा मिळतात. त्यातला एक एककाला द्यायचा, दशकाकडे नऊ राहतात. सगळं वरच्या वर. खालच्याचा काय संबंध?"

मी समजावू लागलो. वर दहा एकक वाढवले आणि खाली एक दशक वाढवलं, तर दोन संख्यांमधलं अंतर तेवढंच राहतं. दोन्हीकडे सारखंच वाढलं ना, मग उत्तर बदलेल कसं? हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, नुसतं घोकून घेतलं होतं. अर्थ मोठेपणी कळला. तो इतक्या वर्षांत कुणाला तरी सांगायची ही पहिलीच संधी, म्हणून मी जरा रंगात आलो. ती शांतपणे उठली, फळ्यापाशी गेली, 'बोलणारी मुले' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. माझं नाव तिला माहीत नव्हतं. तिने लिहिलं, 'ओंकारचे बाबा'.

"अगं, तूच विचारलंस ना?"

तिने नावापुढे फुली मारली.

"हा अन्याय आहे."

दुसरी फुली.

पुढे मी गप्प बसलो. वही पुन्हा पुढ्यात घेतली आणि तिच्या पद्धतीने वजाबाकी करायला लागलो, पण खोडायला काही नव्हतं. तिच्या पेन्सिलीच्या मागे खोडरबर होतं. खुणेने मागितलं, तिने खुणेनेच नकार दिला. पेन्सिलीला मागून रबर लावायचं पेटंट हायमन लिपमन या अमेरिकन माणसाने १८५८ मध्ये घेतलं होतं. १८७५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं, कारण काय, तर दोन जुन्या वस्तू एकमेकींना जोडल्या म्हणजे नवा शोध लागत नाही. त्या न्यायाधीशांना परक्या बाकावर, दोन फुल्या डोक्यावर घेऊन वजाबाकी करायला बसवायला हवं होतं.

आणि एक विचारतो. नावं लिहिणाऱ्याचं नाव कोण लिहितं? सबंध तासात सगळ्यात जास्त बोलली ती. "गप्प बसा" हेसुद्धा बोलणंच असतं. आणि मुलांनी बोलायचं नाही, तर शिकायचं कसं? वजाबाकीबद्दल दोन माणसं मनापासून भांडली, असं त्या वर्गात दिवसभरात तेवढं एकदाच घडलं, आणि त्याची नोंद झाली ती गुन्हा म्हणून. एरवी बाई सांगत होत्या आणि पोरं उतरवून घेत होती. शेजारच्या रांगेतल्या एका मुलाने "शून्य सम की विषम?" असं विचारलं, तर त्याला "ते पुढच्या वर्षी" असं उत्तर मिळालं. सम आहे रे बाबा, दोनाने भागून बाकी उरत नाही. मी सांगणार होतो, पण फळ्याकडे बघून आवरलं.

बाई परत आल्या. पालकाचं नाव फळ्यावर पाहून ओशाळल्या असाव्यात. डस्टर उचलून त्यांनी घाईघाईने हात फिरवला. पुसलं गेलं 'चे बाबा' एवढंच. राहिलं 'ओंकार' आणि दोन फुल्या. पुढच्या तासाला दुसऱ्या बाई आल्या, त्यांनी फळा वाचला आणि ओंकारला उभं केलं.

दिवसभर तोंडातून चकार शब्द न काढलेला माझा मुलगा तासभर उभा राहिला. मी हात वर केला होता. तीनही सेकंद वर ठेवला होता, जास्तच. "पालकांनी फक्त निरीक्षण करावं," असं मला सांगण्यात आलं.

घरी आल्यावर ओंकारने डायरी पुढे केली. 'वर्गात बोलतो. पालकांनी लक्ष द्यावे.' खाली सहीसाठी रेघ. मी पेन घेतलं आणि सही करायच्या आधी 'सुरुवात शेजारणीने केली' असं लिहू लागलो. 'सुरुवात'पर्यंत आलो असेन, ओंकारने डायरीच ओढून घेतली.

"बाबा, नको ना. डायऱ्या तीच गोळा करते."