केलॉगच्या गोष्टीवर सॉफ्टवेअर खपत नाही

बाजार जरा थंडावला की एक मेसेज हटकून फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: 'मंदीत मार्केटिंगला कात्री लावू नका, उलट खर्च दुप्पट करा. 1930 च्या महामंदीत न्याहारीचे कॉर्नफ्लेक्स विकणाऱ्या केलॉगने तेच केलं आणि पोस्ट या प्रतिस्पर्ध्याला मागे टाकलं. जाहिरात चालू ठेवणाऱ्या कंपन्यांची विक्री 256 टक्के जास्त वाढते, हे सिद्ध झालंय. मंदीत जाहिरात स्वस्त असते. भरघोस सूट द्या, गिऱ्हाईक ओढून आणा. सेल्सफोर्स ही सॉफ्टवेअर कंपनीसुद्धा मंदीतच मोठी झाली.' कंपन्यांना सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या ग्रुपवर हा मेसेज इतक्या भक्तिभावाने पुढे जातो की त्यातला एकेक दावा सुटा करून बघायलाच हवा.

आधी केलॉग. न्याहारी मंदीतही करावीच लागते, खोका स्वस्त असतो आणि घ्यायचा की नाही हे एकच माणूस दुकानात उभ्याउभ्या ठरवतो. कारखान्याला ईआरपी (साठा, उत्पादन, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) विकताना प्रॉडक्शनवाला हो म्हणतो, आयटीवाला शंका काढतो, अकाउंट्सवाले जुना डेटा कसा येणार म्हणून अडून बसतात आणि सही शेवटी मालकाची नाहीतर सीएफओची, म्हणजे वित्तप्रमुखाची. मंदी आली की पहिल्यांदा काय होतं, तर ही सहीची पायरी वर सरकते. काल जो विभागप्रमुख दोन लाखांची पीओ (खरेदीची ऑर्डर) स्वतः काढत होता, तो आज पन्नास हजारांसाठी वर विचारायला जातो. डेमो होतो, सगळ्यांना आवडतो आणि उत्तर येतं, 'पुढच्या क्वार्टरला बघू.' जाहिरात या माणसाने पाहिलेलीच आहे, म्हणून तर त्याने डेमो मागवला. त्याला आता सीएफओपुढे ठेवायला एका पानाचा हिशेब हवाय: साठ्यात किती पैसा अडकलाय, वसुली किती दिवस उशिरा होते, त्यातलं काय आणि कधीपर्यंत सुटेल. तो हिशेब ग्राहकाच्याच आकड्यांवर करून देणं हे मार्केटिंगचं काम आहे आणि त्याला होर्डिंग लागत नाही.

256 टक्क्यांचं प्रकरण जास्त मजेशीर आहे. हा आकडा मॅग्रॉ-हिल या अमेरिकन प्रकाशन कंपनीच्या संशोधन विभागाच्या नावावर सांगितला जातो. 1980 ते 1985 या काळातल्या, व्यवसायांना माल विकणाऱ्या 600 कंपन्यांचा तो अभ्यास. म्हणजे केलॉगपेक्षा आपल्या जवळचा. मॅग्रॉ-हिलकडे तेव्हा 'बिझनेस वीक' होतं, शिवाय उद्योगधंद्यांची कितीतरी मासिकं. जाहिरातीची जागा विकणं हाच त्यांचा धंदा. एवढ्याने अभ्यास खोटा ठरत नाही, मान्य. पण 1981-82 च्या मंदीत जाहिरात कोणाला परवडली असेल? जिच्याकडे ऑर्डरी होत्या आणि बँकेत पैसा होता, तिला. तीच पुढे वाढली, यात जाहिरातीचा हात किती आणि आधीच्या तब्येतीचा किती, हे त्या एका टक्केवारीवरून कसं कळणार? आणि जाहिरातीवर पैसा ओतून जी कंपनी बुडाली, तिची गोष्ट कोणी फॉरवर्ड करत नाही.

खर्च सरसकट बंद करू नये, हे मात्र मलाही पटतं. त्यासाठी 2021 मध्ये मार्केटिंगवर संशोधन करणाऱ्या एहरेनबर्ग-बास इन्स्टिट्यूटच्या जॉन डॉज यांनी मांडलेला साधा हिशेब पुरतो. कंपन्या सॉफ्टवेअरसारखी सेवा दर पाच वर्षांनी बदलत असतील तर वर्षाला 20 टक्के ग्राहक बाजारात येतात, तिमाहीला 5. उरलेले 95 आज घेणार नाहीत, पण घेतील तेव्हा नाव आठवायला हवं. (हे लिखाण लिंक्डइनच्या उपक्रमातलं, आणि लिंक्डइनही जाहिरातीच विकते. निदान गणित तरी उघडं मांडलंय.) मंदीत त्या पाचाचे समजा दोन होतात, बाकीचे जागेवरच असतात. त्यांच्या नजरेत राहायला नियमित, कामाचं काहीतरी देत राहणं पुरतं. दुप्पट खर्चाचा निष्कर्ष यातून निघत नाही.

जाहिरात स्वस्त होते? क्लिक स्वस्त होतो. ऑर्डर महागते, कारण तीच ऑर्डर मिळवायला सेल्सची माणसं दुप्पट महिने झिजतात.

सूट हा या मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला. सॉफ्टवेअरचा दर बहुतेकदा माणसामागे एक लायसन्स असा असतो. ग्राहकाने 200 तले 50 लोक कमी केले की तो कुठेही न जाता रिन्युअल, म्हणजे पुढच्या वर्षाची वर्गणी, पाव हिश्श्याने घटतं. त्यात नव्याला 40 टक्के सूट दिली तर जुन्याच्या कानावर ती जातेच आणि तोही तोच दर मागतो. झोहो या भारतीय सॉफ्टवेअर कंपनीने 2020 मध्ये छोट्या ग्राहकांची तीन महिन्यांपर्यंतची वर्गणी माफ केली. तिथे दर हलला नव्हता, मुदत ठरलेली होती आणि फायदा आधीपासून सोबत असलेल्यांना मिळाला. दर पाडणारी सूट आणि मुदतीची सवलत यांतला हा फरक विक्रीवाल्यांनी भिंतीवर लावून ठेवावा.

आता सेल्सफोर्स. 1999 ची कंपनी. सीबेल या प्रतिस्पर्धी कंपनीच्या परिषदेबाहेर भाड्याचे निदर्शक उभे करण्याचा तिचा गाजलेला प्रकार 2000 च्या फेब्रुवारीतला. नॅसडॅक या अमेरिकन शेअर निर्देशांकाचा कळस त्यानंतर, 10 मार्चला. म्हणजे तो तमाशा ऐन तेजीतला. डॉट-कॉमचा फुगा फुटल्यावर तिला तारलं ते एका रुक्ष बदलाने: महिन्याच्या महिन्याला, करार न करता घेतले जाणारे पैसे वर्षभराचे आगाऊ घ्यायला तिने सुरुवात केली. त्याच पडझडीत श्रीधर वेंबूंच्या अ‍ॅडव्हेंटनेटचे, म्हणजे आजच्या झोहोचे, टेलिकॉम यंत्रसामग्री बनवणारे ग्राहक आटले. त्यांनी त्याच ग्राहकांपुढे आवाज वाढवला नाही. इतर कंपन्यांच्या आयटी विभागांसाठी मॅनेजइंजिन हे सॉफ्टवेअर काढलं, 2005 मध्ये झोहो नावाची ऑनलाइन सॉफ्टवेअरं आणली.

मंदीतही एखादा ग्राहक घाईत असतो, आणि तो कोण हे शोधायला मेसेज कधीच सांगत नाही. एप्रिल ते जून 2020 मध्ये देशाचा जीडीपी पहिल्या सरकारी अंदाजानुसार 23.9 टक्क्यांनी घसरला. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला 500 कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस (जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवून घ्यायचं बिल) सक्तीचं झालं, जानेवारी 2021 मध्ये 100 कोटींवर, एप्रिलमध्ये 50 कोटींवर. ऑगस्ट 2023 पर्यंत मर्यादा 5 कोटींवर आली. चाकण-भोसरीचा पुरवठादार नवं मशीन पुढे ढकलू शकत होता, पण ई-इनव्हॉइसची सोय नाही, कारण त्याशिवायचं बिल ग्राह्य नाही आणि इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) अडकेल म्हणून समोरची मोठी कंपनी ते स्वीकारत नाही. पुढच्या टप्प्यात कोण येणार हे उलाढालीच्या आकड्यावरून आधीच दिसत होतं. गाठायचं होतं त्यांच्या अकाउंटंटला आणि सीएला.