ब्रेकच्या पाइपला पट्टी गुंडाळून उष्णता थांबत नाही

भाचा इंग्लंडमध्ये लोटस सेव्हन या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या घाटाची किट कार (सुटे भाग आणून घरी जोडायची गाडी) जोडतोय. त्याने एक फिरता मेसेज पाठवून विचारलं, "मावशी, असंच करू ना?" मेसेज म्हणतो: इंजिनच्या उष्णतेने क्लच-ब्रेकचं ऑइल उकळत असेल तर ऑइलच्या पाइपला एक्झॉस्टची (धुराच्या नळीला गुंडाळतात ती) पट्टी घट्ट गुंडाळा, डॉट 5 हे सिलिकॉनचं ब्रेक ऑइल भरा, सगळे पाइप ब्रेडेड (स्टीलच्या जाळीचे) करा, बॉनेटला झरोके पाडा, तरी पेडल मऊ झालं तर ते पुन्हा पुन्हा दाबून पंप करा. नाही, असं करू नकोस. आणि हा सल्ला पुढे पाठवणाऱ्यांनीही कृपा करून थांबावं.

सगळ्यात घातक ती पट्टी. ती उष्णता अडवत नाही, उशिरा पोहोचवते इतकंच. 3/16 इंची पाइपच्या एका मीटरमध्ये जेमतेम 9 मिली ऑइल मावतं आणि ते वाहत नाही; क्लच दाबला की थोडं पुढे सरकतं, सोडला की तेच मागे येतं. आत शिरलेली उष्णता वाहून नेणार कोण? वरून पाइपला लागणारा वाराही पट्टीने बंद होतो. इंजिन बंद केल्यावर तर पंखा, पाणी, समोरची हवा सगळं थांबतं आणि मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जोड) तापलेलाच असतो. खरी परीक्षा त्या पंधरा-वीस मिनिटांत असते.

शिवाय ही पट्टी काचेच्या धाग्यांची. जोडाचा नट झिरपू लागला तर थेंब दिसतच नाही, पट्टी पिऊन टाकते. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल (डॉट 4, 5.1) पेट घेतं. त्यात भिजलेली पट्टी मॅनिफोल्डपासून चार बोटांवर म्हणजे दिव्याची वातच झाली.

आधी पाइपचा मार्ग बदला: मॅनिफोल्डच्या विरुद्ध बाजूने, चॅसीच्या नळीला लागून, दर 25-30 सेंमीवर रबरी अस्तराची क्लिप. क्लच सरकवणारा स्लेव्ह सिलिंडर बेलहाउसिंगपाशी (क्लचच्या कवचापाशी) असतो, तो हलवता येत नाही. तिथे 1 मिमी अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत पत्र्याचा आडोसा द्या, पाइपपासून 10-15 मिमी सुटा, वर-खाली उघडा. मॅनिफोल्डची उष्णता जवळच्या पाइपवर मुख्यतः किरणांनी येते आणि चकचकीत पत्रा त्यातली बरीचशी परतवतो. पत्रा चॅसीला पकडा. मॅनिफोल्डला पकडलात तर तोच तापत राहील. पट्टी हवीच असेल तर ती मॅनिफोल्डला गुंडाळा, तीही स्टेनलेसच्या. साधा लोखंडी मॅनिफोल्ड पट्टीखाली लवकर गंजतो.

आता डॉट 5. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस 116 या वाहन-सुरक्षा मानकात ब्रेक ऑइलच्या प्रत्येक प्रकाराचे किमान उत्कलनबिंदू स्पष्ट दिलेत. डॉट 4 कोरडं असताना 230 अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावर 155. डॉट 5.1 चे 260 आणि 180. सिलिकॉनच्या डॉट 5 चेही तेच, 260 आणि 180. मग वेगळं मिळालं काय? सिलिकॉन पाणी शोषत नाही आणि रंग खात नाही, हे मान्य. वर्षभर झाकून ठेवायच्या जुन्या गाडीला ते चालेल. पण आत शिरलेलं पाणी मग थेंबाथेंबाने सगळ्यात खालच्या जागी, कॅलिपरमध्ये (चाकापाशी ब्रेक आवळणाऱ्या भागात) किंवा स्लेव्हमध्ये साचतं आणि 100 अंशांच्या आसपासच त्याची वाफ होते. सिलिकॉन ऑइलमधली हवा काढणं कटकटीचं, तापल्यावर पेडल स्पंजी. ग्लायकॉलमध्ये ते मिसळतही नाही. डॉट 4 किंवा 5.1 भरा, दर दोन वर्षांनी बदला, तापणाऱ्या गाडीत दरवर्षी. आणि डबा नीट वाचा: 5 आणि 5.1 एक नव्हेत.

ब्रेडेड पाइपची स्टीलची जाळी उष्णता अडवत नाही, उलट शेजारच्या वस्तूला कानशीसारखी घासते. जिथे हालचाल आहे तेवढ्याच तुकड्याला तो लावा, बाकी पाइप क्युप्रोनिकेलचा (तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा). झरोक्यांचं अर्धं खरं आहे, चालत्या गाडीत उपयोग होतो. पण काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, तिथे पाडले तर हवा उलटी आत येते.

पंप केल्यावर पेडल वर येतं, कारण तेवढ्यापुरती वाफ दबते. ऑइल उकळल्याचंच ते लक्षण आहे. गाडी बाजूला घ्या, गार होऊ द्या, ऑइल पूर्ण बदला.

आणि अंदाजावर राहू नका. तापमान नोंदवणारे, रंग बदलला की तसाच राहणारे स्टिकर मिळतात. एक स्लेव्हवर, एक मॅनिफोल्डच्या सर्वांत जवळच्या पाइपवर लावा. अर्धा तास गर्दीतून गाडी चालवा, बॉनेट बंद ठेवून वीस मिनिटं उभी करा, मग वाचा. 120 अंशांच्या आत असेल तर ठीक. वर गेलं तर पत्रा मोठा करा किंवा पाइप आणखी लांबून न्या.