क्लम्झी म्हणजे आधी थंडीनं गारठलेला

पोराच्या हातून पेला निसटला की 'किती क्लम्झी आहेस रे' हे आता आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. या शब्दाचं मूळ हल्लीच वाचनात आलं. तेव्हापासून तो कुणाला चिकटवायला माझी जीभ रेटत नाही.

मध्ययुगीन इंग्रजीत 'क्लम्स' असं क्रियापद होतं. थंडीनं बधिर होणं, गारठून आखडणं, असा त्याचा अर्थ. त्याचं मूळ स्कँडिनेव्हियाकडचं मानतात. त्यावरूनच सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'क्लम्झी' आला. नाटककार जॉन मार्स्टननं तर हिवाळ्यालाच क्लम्झी म्हटलं होतं. बेन जॉन्सनला हा शब्द इतका खटकला की १६०१ च्या आपल्या 'पोएटास्टर' नाटकात मार्स्टनची टर उडवताना त्यानं कवीच्या पात्राला जे शब्द ओकायला लावले, त्यांत हाही घातला!

म्हणजे दोष आधी हवेचा होता. माणसाच्या माथी तो नंतर मारला गेला.

नागपूर उन्हासाठी बदनाम, पण २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता. जानेवारीत पहाटे बर्डीच्या फुलबाजारात जाऊन बघा. शेवंती ओली, दोरा ओला, आणि वर्षानुवर्षं हार ओवणाऱ्या बाईलाही सुईच्या नेढ्यात दोरा घालता येत नाही. शेकोटीवर जरा हात धरले की तीच बोटं भराभर चालू लागतात. कसब कुठे गेलेलं नसतं. गारठ्यानं बोटांचा रक्तपुरवठा आटतो, मज्जातंतूंचे संदेश मंदावतात, आणि आपण वस्तू किती घट्ट धरली आहे हेच कळेनासं होतं.

मधुमेहात बोटं बधिर झालेल्या म्हाताऱ्या माणसाचंही तेच होतं. त्यांना 'हातात जीव नाही का?' असं विचारणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. अहो, बधिर झाली आहेत ती बोटं, डॉक्टरला दाखवा ना!

सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते सकाळच्या शाळेतल्या लहान मुलांचं. स्कूटरवर पुढे उभी राहून, वारा खात, बिनमोज्यांच्या हातांनी ती शाळेत पोचतात. लगेच वह्या उघडायच्या आणि वर 'अक्षर गचाळ' हा शेरा. शिक्षकांना हात जोडून सांगणं आहे, डिसेंबर-जानेवारीत पहिला तास पाढ्यांचा, कवितांचा, तोंडी गणितांचा ठेवा. लिखाण ऊन वर आल्यावर घ्या.