मोठा अडॅप्टर लावून भागत नाही

"कंपन्यांनी मुद्दाम दुबळे अडॅप्टर दिले, म्हणजे लोकांनी बाहेरचं हार्डवेअर जोडू नये. आज जास्त अँपिअरचा अडॅप्टर लावा आणि हवं ते जोडा." जुन्या होम कॉम्प्युटरच्या हौशी मंडळींत हा मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. लिहिणाऱ्याने मशीनचं झाकण एकदा उघडलं असतं तर बरं झालं असतं.

सिंक्लेअर कंपनीचा स्पेक्ट्रम हा ब्रिटिश होम कॉम्प्युटर घ्या. मशीन 1982 चं. पुढे पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन त्याची सुधारित आवृत्ती, स्पेक्ट्रम प्लस, आपल्याकडे बनवली, तेव्हा इथल्याही एखाद्या माळ्यावर तो निघेल. अडॅप्टर 9 व्होल्ट, 1.4 अँपिअरचा. पण आतल्या बहुतेक चिप्स चालतात 5 व्होल्टवर. हे 5 व्होल्ट करून देतो आतला 7805 रेग्युलेटर, आणि वरचे 4 व्होल्ट तो उष्णतेत घालवतो. 1 अँपिअर ओढला की 4 वॉट फुकट. खरी मर्यादा ही आहे. बाहेर 3 अँपिअरचा अडॅप्टर लावलात तरी रेग्युलेटर तोच, त्याची उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंकचा पत्राही तोच. उलट, जुन्या धाटणीच्या अनरेग्युलेटेड अडॅप्टरचे व्होल्ट भार आला की उतरतात. मोठ्या अडॅप्टरचे कमी उतरतात, म्हणून आतला 7805 आणखी तापतो! बाहेरचं हार्डवेअर जोडायच्या मागच्या एक्सपान्शन कनेक्टरवर कच्चे 9 व्होल्टही असतात. जोडलेल्या उपकरणात स्वतःचा रेग्युलेटर असेल आणि ते तिथून वीज घेत असेल, तर मोठा अडॅप्टर कामाचा. एरवी नाही.

"जास्त अँपिअरने मशीन जळतं" ही दुसऱ्या टोकाची भीतीही चुकीची. व्होल्ट बरोबर असतील तर मशीन लागेल तेवढाच करंट घेतं. जाळते ती उलटी पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची अदलाबदल. स्पेक्ट्रमच्या प्लगची मधली बाजू निगेटिव्ह. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरची पॉझिटिव्ह.

कमोडोर 64 या त्याच काळातल्या होम कॉम्प्युटरच्या बाबतीत अडॅप्टर दुबळा असल्याच्या दाव्यात थोडं तथ्य आहे. तिथे 5 व्होल्टचा रेग्युलेटर बाहेरच्या अडॅप्टरच्या ठोकळ्यात, बऱ्याचदा रेझिन ओतून बंद केलेला. उष्णता बाहेर पडायला वाव नाही. तो बिघडला की व्होल्ट चढू शकतात आणि रॅमच्या चिप्स जातात. त्यामुळे चांगला सप्लाय जरूर घ्या, पण 5 व्होल्ट डीसीसोबत 9 व्होल्ट एसीही देणारा. तरीसुद्धा उपकरणं जोडायच्या मागच्या युजर पोर्टवरून 5 व्होल्टवर 100 मिलिअँपिअरच घ्यायचे, ठोकळा कितीही दणकट असो.

राहिला "मुद्दाम" हा शब्द. याच कमोडोरने 64 साठी 1764 हे रॅम वाढवणारं कार्ट्रिज काढलं, तेव्हा सोबत जास्त ताकदीचा पॉवर सप्लायही दिला. विस्तार अडवायचा असता तर हा खर्च कोण करतं? ॲपल टू तर विस्तारासाठीच बांधलेला: 1977 सालीच आत स्विचिंग (म्हणजे कमी उष्णता वाया घालवणारा) पॉवर सप्लाय आणि जादा कार्डं बसवायला आठ स्लॉट. तरी सगळ्या कार्डांनी मिळून 5 व्होल्टवर 500 मिलिअँपिअरच्या आत राहायचं, असं त्याच्या मॅन्युअलमध्येच छापलेलं होतं.