एका तासात पोरगं घडत नाही

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘वाट चुकलेल्या पोराला यशस्वी माणसासोबत तासभर बसवा, आयुष्य बदलेल. माणूस मोठा हवा, कडक हवा. प्रशिक्षण-बिशिक्षण नको, तळमळ पुरे.’ मंगळवार पेठेत दर शनिवारी मी आठवी-नववीच्या पोरांसोबत बसतो. हे वाचून लोक उत्साहानं येतात आणि नुकसान पोरांचं होतं, म्हणून लिहितोय.

आधी तो ‘तासभर’. ग्रॉसमन आणि रोड्स या संशोधकांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या, प्रत्येक मुलाला एक प्रौढ सोबती जोडून देणाऱ्या संस्थेतल्या जोड्या तपासल्या. सर्वांत जास्त फायदा वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या नात्यांत दिसला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या नात्यांत मात्र मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट घसरला. आमच्याकडे एक दादा सहा आठवडे आले आणि न सांगता थांबले. त्यांच्या वाट्याचा पोरगा पुढचे तीन शनिवार वही मांडीवर घेऊन पायरीवर बसायचा. गाडीचा आवाज आला की मान वर. चौथ्या शनिवारी तो आलाच नाही.

‘कडक हवा’. मॉरो आणि स्टाइल्स यांनी १९९५ मध्ये अशाच ८२ जोड्यांचा अभ्यास मांडला. पहिल्या दिवसापासून पोराला सुधारायला निघालेल्यांची नाती बहुतेक मोडली, पोराच्या कलानं घेणाऱ्यांची बहुतेक टिकली. कुणी म्हणेल, तालमीतला वस्ताद कडकच असतो की. असतो, पण तो रोज पहाटे आखाड्यात हजर असतो, पोराच्या खुराकाची चौकशी करतो. त्या हक्कानं तो ओरडतो. माझ्या वाट्याचा पोरगा पाच शनिवार फक्त शाहू स्टेडियमवरच्या मॅचबद्दल बोलला. सहाव्याला त्यानं दप्तराच्या तळातून चुरगळलेला निकाल काढून माझ्यासमोर सरकवला. गणितात नापास. मी काहीच विचारलं नव्हतं.

‘मोठा माणूस’ म्हणाल, तर वेळ पाळणारा रिक्षावाला मामाही चालतो.

उरलं प्रशिक्षण. ड्युबॉइस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्येच अशा उपक्रमांची ५५ मूल्यमापनं एकत्र पाहिली. सरासरी परिणाम माफकच निघाला. पण कामादरम्यान प्रशिक्षण चालू ठेवणं, भेटी किती व्हाव्यात हे आधी ठरवणं, आईवडिलांना सामील करणं, या गोष्टी होत्या तिथं तो वाढला. आईवडिलांचं आम्हाला उशिरा कळलं. आता पहिली भेट पोराच्या घरीच, चहा घेऊन होते. आणि नव्या ताई-दादांना निरोप कसा घ्यायचा तेही शिकवतो: शेवटचा शनिवार कोणता, हे पोराला महिनाभर आधी, स्वतः, समोर बसून सांगायचं.